पळी, खांब आणि प्लेऑफ

आमच्या गावचा हॉकीचा संघ नऊ वर्षांनी प्लेऑफच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला, तो माझ्यामुळे! प्रशिक्षक म्हणतो त्याच्यामुळे. पेपरवाले म्हणतात त्या केस रंगवलेल्या सेंटर फॉरवर्डमुळे. म्हणोत बापडे! मी चौथी शिकलेली बाई, मला कोण विचारतं? पण खरं काय ते मला आणि माझ्या पळीला ठाऊक आहे.

त्याचं असं झालं. महिन्यापूर्वी संघ दोन गोलांनी हरत होता आणि आमच्या बाहेरच्या खोलीत सगळे एरंडेल प्यायल्यासारखे बसले होते. मी पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, विचारायला, की चहाचे कप उचलायला कुणाचे नोकर येणार आहेत? तोंड उघडलं आणि गोल! मिटलं आणि दुसरा गोल! मी आत वळले तर घरातले झाडून सगळे पुरुष एका सुरात किंचाळले, "हलू नकोस!" आणि मग तिसराही झाला.

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या उभं राहण्याकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

तेव्हापासून नियमच झाला. मॅच लागली की मी दारात, डाव्या हातात पळी. त्या दिवशी जो जिथे आणि जसा होता, तो तिथे आणि तसाच! आमचे हे मोडक्या खुर्चीत, उजव्या पायातला मोजा काढून. थोरला जमिनीवर, पोटावर उशी. तो गाडी चालवायला शिकवतो, म्हणजे पगार घेऊन दुसऱ्याच्या पायाखालचा ब्रेक दाबतो. जावई दातांच्या डॉक्टरांकडे कामाला. तो चपलांच्या कपाटावर, गुडघे कानापाशी. लेक माझी शहाणी, नवऱ्याला इकडे धाडून स्वतः घरी झोप काढते. हाल झाले ते सुनेचे. त्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती. झालं! त्यानंतर संघ ओळीनं चार मॅच जिंकला आणि बिचारीनं एकही गोल पाहिला नाही.

परवा रविवारी शेवटची मॅच होती. जिंकलो तर प्लेऑफ. हरलो, नुसती बरोबरी झाली तरी, घरी.

मॅच चारला आणि थोरल्याचं आणि जावयाचं भांडण तीनलाच सुरू. भांडण रोजचंच, खांबावरून. खांब म्हणजे आपल्या संघाचा बचावातला तो उंच, टक्कल पडलेला.

"त्याला काढा आता!" थोरला म्हणाला. "पस्तिशी उलटली. अकरा वर्षांत एक गोल नाही. नुसता उभा असतो!"

"बचावाला ठेवलेला माणूस गोल करायला नसतो दादा, होऊ न द्यायला असतो," जावई म्हणाला. "न झालेले गोल मोजा की!"

"न झालेले कसे मोजणार? तुझी न झालेली लग्नं मोजतोस का?"

"झालेलं एकच पुरतं," जावई म्हणाला, आणि माझ्याकडे बघून घाईघाईनं, "म्हणजे, चांगल्या अर्थानं, आई!"

"दोघांचंही बरोबर आहे," आमचे हे म्हणाले. या गृहस्थांच्या मते जगात सगळ्यांचंच बरोबर असतं. न्यायाधीश झाले असते तर चोर आणि सावकार दोघांनाही पेढे देऊन घरी पाठवलं असतं.

मला राहवेना. "नुसतं उभं राहणं सोपं वाटतं होय रे? तासभर राहून दाखव, हातात पळी धरून!"

"आई, तुझी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

"म्हणजे... तू आई आहेस."

उत्तर सुचेनासं झालं की या घरात मला आई करतात!

पण तुम्हाला म्हणून सांगते, ते बोलणं मला लागलं. एका जागी उभं राहणाऱ्याची काही किंमतच नाही? या घरात मी उभी आहे म्हणून तर हे बसलेत! मी मनाशी ठरवलं, आज संघ प्लेऑफमध्ये गेला की थोरल्याच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं, की खांब लागतो. संघातही आणि घरातही.

चारला पाच कमी असताना मी बाथरूममध्ये चादरी भिजवायला टब लावला, नळ सोडला, तोच बाहेरून आरडाओरडा. "आई, पळी! आई, दार!" गेले धावत. नळ राहिला तसाच.

दहाव्या मिनिटाला आपला गोल झाला. मी पळी इंचभरही हलवली नाही. नंतर अर्धा तास समोरचे नुसते तुटून पडत होते आणि खांब त्यांना परतवत होता. मी दर वेळी थोरल्याकडे बघायची. तो छताकडे बघायचा.

तेवढ्यात पायाला गार लागलं. बघते तर पाणी! बाथरूममधून निघून, बोळातून वळसा घेऊन, पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत शिरत होतं.

"अरे, नळ राहिला!" मी म्हटलं.

"हलायचं नाही!" थोरला.

"पाणी आलंय घरात!"

"पाणी काय, उद्या पण येईल! प्लेऑफ नऊ वर्षांनी आलंय!"

सूनबाई भिंतीलाच म्हणाली, "आई, माझ्या घड्या भिजायला लागल्या."

"चांगल्या भिजू देत!" थोरला, तिचा नवरा, म्हणाला. ह्यांनी मोजा नसलेला पाय वर उचलला. मोजा असलेला पाण्यातच, कारण तो नियमात खाली होता.

इतक्यात दार धाडकन उघडलं. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले! घड्याळं दुरुस्त करणारा अगदी मोजूनमापून बोलणारा माणूस, पण आज डोक्यावर उघडी छत्री आणि डोळ्याला अजून ते भिंग तसंच.

"वहिनी!" ते ओरडले. "माझ्या टेबलावर धार लागलीये! एकवीस घड्याळं—"

त्याच क्षणी समोरच्यांचा फटका गोलच्या दांड्याला लागून बाहेर गेला.

"तिथेच थांबा!" थोरला आणि जावई एकदम किंचाळले. "छत्री मिटू नका!"

"अहो पण—"

"तुम्ही आलात आणि वाचलो, काका!"

घड्याळवाल्यांनी टीव्हीकडे पाहिलं. भिंग काढलं. "किती मिनिटं राहिलीत?" म्हणाले, आणि छत्री धरून राहिले उभे! एवढ्या वयाचा, कामाचा माणूस! मी म्हटलं, या घराला वेड लागलंय आणि ते आता दारात येणाऱ्यालाही लागतंय.

पाणी घोट्याशी आलं तेव्हा माझा संयम संपला. पळीसकट तरातरा बाथरूम गाठलं. टबाशेजारच्या मोरीच्या जाळीत ह्यांनी पायातून काढलेला तो शुभ मोजा बोळा होऊन बसलेला! सगळ्या पाण्याची वाट त्यानंच अडवलेली. मी नळ बंद केला.

बाहेर लगेच एक हंबरडा.

बरोबरी!

"आई!" थोरला बोळाच्या तोंडाशी येऊन ओरडला. "हललीस ना! एवढंसं काम होतं तुला! नुसतं उभं राहायचं!"

"नुसतं?" मी म्हटलं.

"आणि नळ कशाला बंद केलास? पाणी येत होतं तोवर जिंकत होतो!"

"त्याचंही बरोबर आहे," ह्यांचा आवाज आला.

"वहिनी, सोडा नळ!" हे कोण? घड्याळवाले! ज्यांच्या एकवीस घड्याळांवर धार लागली होती, ते!

माझं डोकंच फिरलं. "घ्या! बुडा सगळे!" म्हणत नळ पूर्ण सोडला, बादली पालथी घातली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. आता प्लेऑफ येवो नाहीतर प्रलय!

शेवटचं मिनिट. बाहेर जावई ओरडत होता, "खांबाला चेंडू मिळालाय! खांब पळतोय! दादा, खांब जागा सोडून पुढे निघालाय!"

आणि अकरा वर्षं जो म्हणायचा की हा नुसता उभा असतो, तोच माझा थोरला केकाटला, "अरे जागेवर राहा! जागा सोडू नकोस! मागे कोण आहे तुझ्या!"

मग असा आवाज झाला की टबातलं पाणी हललं.

गोल! खांबाचा! अकरा वर्षांतला पहिला!

मी पदराला हात पुसत बादलीवरून उठले. म्हटलं, आता आला माझा मुहूर्त. थोरला पाणी उडवत धावत आला, मला मिठीच मारली. "खांब सोनं आहे, आई, सोनं! मी पहिल्यापासून सांगत होतो!"

"आणि घरातला?" मी मान ताठ करून विचारलं.

"तेच सांगायला आलोय! तू दारातून हललीस म्हणून जिंकलो!"

मागून जावई आला, बोटं मोजत. "मी हिशेब लावला, आई. तुम्ही दारात असताना आपण एकेक गोलानंच कसेबसे जिंकत होतो. तुम्ही तिथे मुळात नसता तर..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पळी माझ्या हातात होती.

दारातली माझी जागा आता घड्याळवाल्यांना मिळाली आहे. उजव्या हातात छत्री, डाव्या हातात माझी पळी! खाली टेबलावर प्लास्टिक अंथरूनच आलेत. मी घरच्यांना स्वच्छ सांगितलं, की मी चौथी शिकले असेन, पण असल्या खुळचटपणात या जन्मी पुन्हा भाग घेणार नाही.

आज प्लेऑफची पहिली मॅच आहे. हे मी पालथ्या बादलीवर बसून लिहिते आहे. वही जरा ओली आहे, अक्षर फुटलं तर समजून घ्या.

आत्ताच सुनेनं दार वाजवलं. "आई, हे विचारताहेत, नळ सोडलाय ना?"

काय पण विचारणं! मी काय नवखी आहे? नळ तर सोडलायच, मोजाही जाळीत मॅच लागायच्या आधीच नीट कोंबून ठेवलाय!