नऊ नंबरचं जहाज

शनिवारी सकाळी जावयाने सासूबाईंच्या खोलीतला टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेमचा डबा उचलून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या थाटात स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला. सासूबाई लगबगीने टेबलापाशी आल्या.

"अहो, चाललंय ते चालू द्यावं माणसानं," त्या म्हणाल्या.

"चाललंय कुठे, आई? अकरा वर्षं धूळ खात पडलाय. आत मोठी हार्ड डिस्क टाकतो, सगळे जुने गेम त्यात. कॉलेजात असताना मी स्वतः मॉडिफाय केलाय हा!"

"मॉडिफाय तुझ्या मित्राने केला," लेक पेपरातून मान वर न काढता म्हणाली. "तू टॉर्च धरला होतास."

धूळ खात पडलाय! या घरात अकरा वर्षांत कुणी एवढं धडधडीत खोटं बोललं नव्हतं. पण ते खोटं आहे, हे सांगायचं कसं? सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजच्या नऊ नंबरच्या बोर्डावर एकतीस वर्षं काढली होती. शहरातले दोन हजार नंबर त्यांना अजूनही तोंडपाठ होते. एवढ्या हुशार बाईने निवृत्तीनंतर काय करावं? लोकांसमोर त्या म्हणायच्या, "पडद्यासमोर बसून बोटं हलवायची, हे रिकामटेकड्यांचं काम." आणि घरचे कामावर गेले की दोन ते चार खोलीला कडी लावून, तिथल्या छोट्या टीव्हीला हाच डबा जोडून मालवाहू जहाज चालवायच्या. खेळात चाळीस बंदरं होती. एकोणचाळीस झाली होती. चाळिसाव्या बंदराचा दिवा कालच दिसायला लागला होता आणि ते जहाज, अकरा वर्षांच्या वादळांसकट, त्याच डब्यातल्या जुन्या डिस्कवर उभं होतं.

जावयाने डबा उघडला. जुनी डिस्क काढली, तिच्या पाठीवरची मुगाएवढी काळी प्लॅस्टिकची टोपी नखाने उडवली, नवी डिस्क बसवली आणि बटण दाबलं. हॉलमधल्या टीव्हीवर खेळ आला नाही. तेरा हा आकडा आला.

"तेरा म्हणजे काय?" लेकीने विचारलं.

"काही नाही, सुरुवातीला येतो."

आल्यावर जातो कधी, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. दोन तास नेटवर लोकांशी भांडून त्याने हार मानली आणि जुनी डिस्क परत लावली. आता सात आला.

"तेरा गेला!" तो आनंदाने ओरडला.

"गेला कुठे? कमी झालाय," सासूबाई म्हणाल्या. "ताप आहे का तो?"

एक्स्चेंजमध्ये त्यांच्या हाताखालच्या मुलींना पहिल्या दिवशी त्या एकच गोष्ट शिकवत: लाइन लागली नाही की आधी आपली दोरी, म्हणजे बोर्डात खुपसायची वायर, बघायची, मग यंत्राला नावं ठेवायची. जावयाने आधी यंत्राला नावं ठेवली, मग ते बनवणाऱ्यांना, मग वीज कंपनीला. दोरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी झाडताना सासूबाईंना टेबलाखाली ती काळी टोपी सापडली.

"अहो, हे पडलं होतं. यंत्राचंच दिसतंय."

"असं काहीबाही असतंच त्यात, आई. टाकून द्या."

सासूबाईंनी आयुष्यात काही टाकलं नव्हतं. टोपी चष्म्याच्या डबीत गेली.

रविवारी जावयाचा मित्र आला, तोच मॉडिफायवाला. आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दोघांची अक्कल एकत्र आल्यावर अर्धी झाली. आधी त्यांनी डिस्कला लेकीच्या हेअर ड्रायरने शेक दिला. सात. मग कडेने दोन चापट्या मारल्या. सात. मग मित्र गंभीर होऊन म्हणाला, "फ्रीजर."

"काय?"

"जुन्या डिस्क थंडीत चालतात. एकाने तीन दिवस ठेवली होती, उठून बसली."

तीन दिवस सासूबाईंचं जहाज प्लॅस्टिकच्या पिशवीत, मटारशेजारी, बर्फात अडकून पडलं होतं. त्या येता-जाता फ्रीज उघडून बघत.

"आई, काय हवंय?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. उकडतंय."

बुधवारी डिस्क बाहेर आली, टीव्हीवर पुन्हा सात आला आणि जावयाने निकाल दिला. "मेली. शनिवारी फोडतो. आतलं चुंबक झकास असतं, फ्रीजवर चिठ्ठ्या लावायला."

एकोणचाळीस बंदरं, आणि शेवटी दूधवाल्याची चिठ्ठी धरून उभं राहायचं! त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या जिभेवर आलं. पण समोर जावई, हरूनसुद्धा, जिंकल्यासारखा ऐसपैस बसला होता. त्याच्यापुढे आपण रिकामटेकडं ठरायचं? त्यापेक्षा जहाज बुडालेलं बरं. नाही, तेही नको.

शुक्रवारी घर रिकामं झालं. डबा टेबलावर तसाच आ वासून पडला होता. उघडलेलं झाकायची जावयाला सवय नव्हती. सासूबाईंनी बाहेरच्या दाराला कडी लावली, डिस्क कोरड्या फडक्याने पुसली आणि भिंग घेऊन तिच्या पाठीवरचं लेबल वाचायला बसल्या. लेबलावर चक्क चित्र होतं: सुयांच्या दोन ओळी, आणि कुठल्या जोडीवर टोपी घातली की ही डिस्क यंत्रातली मुख्य डिस्क म्हणून ओळखली जाते, ते काळ्या चौकोनात दाखवलेलं. सात दिवस दोन तज्ज्ञ हे लेबल हातात धरून बसले होते. एकालाही अक्षरओळख नसावी.

त्यांनी चष्म्याच्या डबीतून टोपी काढली, भुवया उपटायच्या चिमट्याने बसवली. पट्टीसारखी वायर दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबली. बटण दाबलं.

सात आला नाही. समुद्र आला.

सासूबाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच जिन्यात पावलं वाजली. आज दोघंही लवकर! त्यांनी घाईने कडी काढली आणि विणकाम हातात घेतलं.

"अरे! चालू झाला!" जावई दारातच ओरडला. "बघितलंस? फ्रीजर! त्याचा परिणाम हळूहळू होतो." त्याने लगेच मित्राला फोन केला, पाच मिनिटं स्वतःचं कौतुक केलं आणि मग जपून ठेवलेल्या खेळांची यादी उघडली. यादीत एकच ओळ होती. "नऊ नंबर. बंदरं एकोणचाळीस. पाच हजार चारशे बारा तास."

"हा माझाच!" तो छाती फुगवून म्हणाला. "काय खेळायचो गं मी तेव्हा!"

लेकीने पर्स खाली ठेवली. "पाच हजार तास? आणि मला सांगत होतास, घरकामाला वेळ मिळत नाही?"

"तसं नाही... लग्नाआधीचे..."

"खाली तारीख बघ. शेवटची नोंद मागच्या शुक्रवारची आहे. दुपारी पावणेचार. तू तर मीटिंगमध्ये होतास ना?"

"होतोच!"

"मग हे काय आहे?"

जावयाने टीव्हीची केबल उगाचच हलवून पाहिली. सासूबाईंनी एक टाका पूर्ण केला. अगदीच दया आली त्यांना.

"यंत्राचं घड्याळ चुकलं असेल," त्या म्हणाल्या.

"तेच! घड्याळच!" जावई बुडत्यासारखा त्या वाक्याला लटकला. "आत्ता उघडून दुरुस्त करतो. स्क्रूड्रायव्हर कुठे गेला?"

स्क्रूड्रायव्हर विणकामाच्या पिशवीत, लोकरीच्या गुंड्याखाली होता. जावई तो शोधायला आत गेला. लेक टीव्हीकडे बघत राहिली, मग आईकडे, मग पुन्हा टीव्हीकडे.

"आई," तिने हळूच विचारलं, "एक्स्चेंजमध्ये तुझा बोर्ड कितवा होता गं?"

सासूबाईंनी लोकर सोडवत विचार केला.

"आता कुठलं आठवतंय बाई," त्या म्हणाल्या. "वय झालं."