चांदीचं ऐकणारे परबकाका

आमच्या शेजारचे परबकाका चांदी ठोकताना मध्येच हातोडी हवेत धरून थांबतात. मान तिरकी, डोळे मिटलेले. तेवढ्यात कुणी बोललं तर दटावतात, "गप रे. चांदी सांगतेय काहीतरी."

मुलुंडमध्ये चांदी बोलते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काका हौसेनं दागिने घडवायला शिकले. बाल्कनीत छोटी ऐरण मांडली. पण नक्षी काय असावी ते मागणाऱ्यानं ठरवायचं नाही. "प्रत्येक माणसात एक झाड नाहीतर जनावर असतं. ते मी बघतो," असा त्यांचा खाक्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अंगठीवर सिंह मागितला, त्यांना कासव मिळालं. "दीर्घायुष्याचं चिन्ह आहे," काका गंभीरपणे म्हणाले. गच्चीवरची टाकी कधीपासून गळतेय हे आम्हाला ठाऊक असल्यानं कुणी काही विचारलं नाही.

माझ्या बायकोच्या कानात त्यांनी घुबडं घातली. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जसं काही ती मीच घडवली होती. शेवटी काकांनी तिला सांगितलं, "सासूच्या आजारपणात तुमच्या खिडकीत रोज उजेड दिसायचा. तू जागणारी आहेस, पोरी." आता ती घुबडं ती झोपतानाही काढत नाही.

सत्तरीच्या काकींसाठी तर त्यांनी पैंजण घडवले, घुंगरांच्या जागी बकुळीची पोकळ फुलं. सगळ्या मजल्यावर आम्ही त्यावरून हसून घेतलं. काकांच्या घरात मात्र टीव्ही बंद, कुकरच्या शिट्टीलाही बंदी. काकांना सोबत म्हणून मी रेडिओ दिला, तो दुसऱ्याच दिवशी परत आला. "चांदी रुसते रे." विक्षिप्तपणालाही काही सुमार असतो, असं मला तेव्हा वाटलं.

परवा दुपारी मी साखळी सांधून घ्यायला त्यांच्याकडे बसलो होतो. काकी आत होत्या. अचानक काकांची हातोडी थांबली. मी सवयीनं गप्प झालो, आणि मलाही ऐकू आलं. छुमछुम आतून बाहेरच्या खोलीत आली, तिथून दाराकडे गेली. काका हातोडी टाकून धावले.

काकी लिफ्टपाशी उभ्या होत्या, हातात कपड्यांची पिशवी.

"खंय चललंस गो?" काकांनी हळूच विचारलं.

"वेंगुर्ल्याक. आवस वाट बघता."

काकींची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"आज गाडी नाय. उद्या दोघांय जाव्या," म्हणत काकांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. काकी निमूट घरात आल्या.

"मागे एकदा अशीच गेली, ती संध्याकाळी भांडुपला सापडली," काका परत ऐरणीपाशी बसत म्हणाले. "तेव्हापासून चांदीला कामाला लावलंय."

 

हल्ली भिंतीपलीकडची ठोकठोक थांबली की मी आमचा टीव्ही बंद करतो. मी आणि बायको कान देऊन बसतो. पलीकडे हळूच छुमछुम होते, मग हातोडी पुन्हा सुरू होते.