रताळ्या दुपारी जातो कुठे?

“सोराइदाबाई, या कुत्र्याचे केस कोणी चोरले?”

मिलुस्काने हे अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. न हसता विचारून दाखव, तर तुला मानलं, अशी मैत्रिणींची पैजच होती. त्या दोघी, फिओरेला आणि येसेनिया, फाटकाबाहेर हसू दाबायला आपापली दप्तरं चावत होत्या.

बेवारस कुत्र्यांचा आश्रम चालवणाऱ्या सोराइदाबाईंनी बादली खाली ठेवली. “तू पेरू देशातलीच ना गं? की काल विमानातून पडलीस? आपल्याकडची बिनकेसांची जातच आहे ही, जन्मतःच असा असतो हा!”

इथे मिलुस्काची ओळख करून देणं भाग आहे. वय पंधरा. मोन्सेफू गावातली पहिली, एकमेव आणि तिच्या मते सर्वश्रेष्ठ गुप्तहेर. नजर घारीची, बुद्धी सुरीसारखी; कधीकधी तिची तिलाच कापायची. आजवर दोन प्रकरणांचा छडा लावलेला. दोन्ही वेळा चोरीचा माल तिच्याच दप्तरात निघाला, हा भाग वेगळा.

पण त्या कुत्र्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. राखाडी, गुळगुळीत अंग, डोक्यावर पिवळट शेंडी. नाव रताळ्या. गुप्तहेर जागच्या जागी विरघळली.

“मला हा दत्तक हवा.”

“अजिबात नाही. रोज दुपारी कुंपणाखालून पसार होतो आणि संध्याकाळी मलमाचा वास मारत परत येतो. असला पळपुटा कुणाच्या गळ्यात बांधू? रविवारी धाडते त्याला चिक्लायोच्या आश्रमात. तिथे भिंती उंच आहेत. त्याआधी हा कुठे जातो ते शोधलंस, तर तुझा.”

घरी विषय काढताच बाबा कॉटवरून गरजले, “माझ्या घरात कुत्रा येणार नाही! केसाळ नाही, टकलाही नाही!” रिक्षा चालवून त्यांची कंबर कायमची धरलेली, पण आवाज ठणठणीत होता. आई मात्र मान खाली घालून, कधी नव्हे इतकं मन लावून मासे साफ करत होती.

दुसऱ्या दिवशी मिलुस्काने तपासाचे निष्कर्ष जाहीर केले. “मलम म्हणजे मुका मार. मुका मार म्हणजे फुटबॉल. रताळ्या चोरून खेळतो.”

“कुठल्या संघातून?” फिओरेलाने विचारलं.

“जो हरत नाही त्यातून. चार पाय आहेत त्याला!”

संध्याकाळपर्यंत मत बदललं. “त्याचा दुसरा संसार आहे.”

“पहिला कुठाय?” येसेनिया म्हणाली.

मिलुस्काने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तिने रताळ्याचं अंग हुंगलं आणि थबकली. “हा वास मी रोज घेते! म्हणजे गुन्हेगार रोज माझ्या आसपास वावरतोय!”

तिची शाळा दुपारची. शुक्रवारी शिक्षकांची बैठक निघाली आणि सुट्टी मिळाली. आईचा काळा चष्मा, बाबांची टोपी असं अभेद्य वेषांतर करून ती रताळ्याच्या मागे निघाली.

“मिलुस्का, आईचा चष्मा घालून कुठे गं?” कोपऱ्यावर मक्याची दारू विकणारी चिचावाली ओरडली.

रताळ्या चर्चपाशी वळला. मग मिलुस्काच्या गल्लीत वळला. आणि सरळ तिच्याच घरात शिरला.

‘माझ्यावरच पाळत!’ मिलुस्काने श्वास रोखून दार ढकललं.

बाबा उघड्या पाठीने पालथे पडले होते. त्यांच्या कंबरेवर रताळ्या पसरला होता, शेकाच्या पिशवीसारखा. शेजारी मलमाची डबी. आई ताटलीत माशाचं डोकं वाढत होती.

“दार लाव, वारा लागतो,” बाबा उशीत तोंड खुपसून म्हणाले.

“अगं, अंग बघ त्याचं, तव्यासारखं गरम,” आई म्हणाली. “सांधेदुखीला अख्खं गाव हेच करतं. तुला माहीत नाही होय?”

माहीत होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणूनच तर गुप्तहेराच्या नजरेतून सुटलं.

“बाबा! घरात कुत्रा येणार नाही म्हणालात ना?”

“हा कुत्रा नाही. औषध आहे.”

मिलुस्काने सावकाश काळा चष्मा काढला.

“आई, बाबा, माझा निर्णय झालाय. रताळ्या आजपासून इथेच राहणार. ज्याचा विरोध असेल, त्याने उठून उभं राहावं.”