वाघ या शब्दाचे सात रकाने

बाळांनो, शब्दांचे अर्थ माझ्याइतके या पंचक्रोशीत कुणालाच कळत नाहीत. शब्दार्थाच्या पेपरात मला एकदा चक्क चार गुण पडले होते. पन्नासपैकी.

तर एका जंगलात चितळांचा एक कळप होता. उंच झाडावर केरबा वानर राखणीला बसे. वाघ दिसला की तो "वाघ" म्हणून ओरडे आणि चितळं पळत. एवढंच त्यांचं शिक्षण.

मग शेजारच्या जंगलातून साळिंदर पंडित आले. मोठे विद्वान. पाठीवरच एवढ्या लेखण्या, म्हणजे बघा.

"केरबा, तू जो शब्द ओरडतोस, त्याचा अर्थ काय?"

"पळा, असा असेल."

"अडाणी आहेस. शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचे घटक. ते सुटे करायचे, एकेक तपासायचा."

पंडितांनी झाडाच्या सालीवर सात रकाने आखले. सजीव, चार पाय, शेपूट, मिशा, पट्टे, शिंगं, मांस खाणं. शिंगांपुढे उणे, बाकी सगळीकडे अधिक. सातही जुळले तरच ओरडायचं.

सभेत ठराव एकमताने पास झाला. चितळं ठराव वाचत नाहीत, नुसत्या माना डोलावतात. तुमच्या आईबाबांसारख्या.

एके सकाळी वाघ चिखलात लोळून आला आणि गवतातून दबकत पुढे सरकू लागला. समोरच तानूकाकूंचं पाडस चरत होतं. नुकतं कुठे नीट पळायला शिकलेलं.

केरबा वरून सांगू लागला, "सजीव, अधिक. चार पाय, अधिक. शेपूट, मिशा, अधिक. शिंगं नाहीत. पण पट्टे दिसत नाहीत, पंडित. नुसता चिखल."

"मग उणे लिही. तो वाघ नव्हे."

तानूकाकूंच्या नाकपुड्या फुगल्या. "अहो, वास येतोय."

पंडित म्हणाले, "काकू, वासाचा रकाना नाही."

काकूंनी पाडसाला ढुशी दिली आणि पळत सुटल्या. त्यांच्यामागे सगळा कळप.

पंडित तेवढे थांबले. एक रकाना रिकामा राहिला होता ना. ते वाघापुढे गेले आणि अदबीने म्हणाले, "आपण मांस खाता का?"

वाघाने पंडितांना तोंडात घेतलं आणि लगेच थुंकून टाकलं. काटे टोचले हो. जीभ चोळत तो निघून गेला.

पंडितांनी शेवटचा रकाना भरला. मांस खाणं, उणे.

दुपारी अर्ध्याच लेखण्यांनिशी ते कळपात आले. "काकू, अर्थ न समजता पळालात तुम्ही. मुलांनी यातून काय घ्यायचं? मी तात्पर्यच लिहून ठेवलंय." आणि त्यांनी वाचून दाखवलं.

तात्पर्य: शब्दाचा अर्थ पुरता कळल्याशिवाय पळू नये. पळणारे जन्मभर अडाणी राहतात.

काकू म्हणाल्या, "असू द्या लिहिलेलं. वाचायला माझं पाडस आहे अजून."