गाल लावून भिंत पाहणारा बिल्डर

नसीरभाई कोणाच्याही घरी गेला की आधी भिंतीले गाल लावायचा. पाणी नंतर, खुशाली नंतर. लग्नघर असो की मयतीचं, हा गाल लावून उभा. मग तोंड वाकडं करून सांगायचा, "भट्टी हाये भाऊ, घर नोहे."

हा माणूस धंद्याने बिल्डर. अकोल्याच्या जुन्या शहरात आमची एकच गल्ली. मी भाजीपाला विकत होतो. शाळा चौथीपर्यंत पाहिली, म्हणून जसं झालं तसं सांगतो.

एकदा अमरावतीले बिल्डर लोकांची सभा झाली. तिथून हा 'नेट झिरो' घेऊन आला. मले वाटलं, नवी टाइल असन.

"टाइल नाही बे. बांधताना, राहताना जेवढा धूर हवेत सोडला तेवढा आपणच निस्तरायचा. आन् पयलेच कमी सोडला तं निस्तराचं काम कमी."

मोठ्या कंपनीवाले स्टेजवरून म्हणत होते, पुढे करू, हळूहळू करू. हा उभा राहून म्हणाला, "पयले ह्या हॉलचा एसी बंद करा." कोणी केला नाही. मग हा ताट घेऊन बाहेर झाडाखाली जेवला.

घरी येऊन त्याने खरंच तशी इमारत काढली. पाडलेल्या घरांच्या विटा आणायचा, बाया बसून त्यांचा चुना खरवडायच्या. गवंड्याने सिमेंट जास्त कालवलं की ओरडायचा, "अबे, सिमेंटच्या कारखान्याचा धूर सांडून राह्यला!" भिंती जाड, खिडक्या समोरासमोर, गच्चीवर सोलर. मधात कडुलिंब आला, तं जिना वाकवला. एसीसाठी भोक पाडू देईना. माझी बायको कौसल्या त्याले म्हणायची, "नसीरभाऊ, तुमच्या जिन्यावरून वरात नेली तं नवरदेव चुकन." तो हसायचा. जिना मात्र वाकडाच ठेवला.

दिवस वाईट होते. कापसाले भाव नाही, सोयाबीन हातचं गेलं. ज्या खेड्यातल्या लोकांच्या भरवशावर फ्लॅट विकायचे, ते शहरात फिरकतच नव्हते. नसीरभाईने शक्कल काढली. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, भर दुपारी गिऱ्हाइकांना तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये आमरसाचं जेवण दिलं. थंडावा भिंतीचा आहे हे कळावं म्हणून पंखाही लावला नाही. लोक पोटभर जेवले, आणि फाटकाबाहेर एकमेकांना म्हणाले, "बिचाऱ्याची लाइन कापली वाटते. बिल थकलं असन." दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं, नसीरभाई डुबला.

त्याचा भागीदार तापला. म्हणाला, "पाऊस लागायच्या आत एक तरी फ्लॅट विक. नाही तं मी पुढून काच लावतो, एसी बसवतो, झाड तोडतो."

त्याच दिवसांत कौसल्या अंथरुणाले खिळली. आमच्या घरावर टिनं. दिवसा ती नुसती भाजायची, रात्री तळमळायची. नसीरभाई आला, आमच्या भिंतीले गाल लावला. मग कौसल्येले म्हणाला, "वयनी, मले फ्लॅट तपासाचा हाये. राहून सांगा कसा वाटते."

आम्ही त्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायले गेलो. दुसऱ्याच दुपारी बडनेऱ्याचा एक कापडवाला बायको-पोरांसकट गाडी घेऊन आला. दोघा भावांसाठी दोन फ्लॅट पाहिजे होते. बांधून तयार तेवढा एकच होता, आणि तो आम्ही धरून बसलो होतो. नसीरभाई दारात स्टूल टाकून बसलेला.

"आज दाखवता येत नाही," तो हळूच म्हणाला.

"अहो, एवढ्या उन्हात आलो. उद्या नाही जमणार आपल्याले."

"मग राहू द्या."

मी आतून धावत आलो. "नसीर, वेड लागलं काय? दाखव. मी उठवतो तिले."

"चूप बस. कितीक दिवसांनी डोया लागला तिचा."

गाडी गेली. ती परत आली नाही.

पावसाच्या आत काच लागली. झाड गेलं. कौसल्या दिवाळीआधी गेली.

अजून चहाच्या टपरीवर लोक त्याले छेडतात, "काहून रे नसीर, दारात आलेलं गिऱ्हाईक काहून सोडलं?"

"भाव जमला नाही," तो म्हणतो.

त्या दिवशी भावाची गोष्टच निघाली नव्हती. मी बाजूलेच बसलेला असतो. तो माझ्याकडे पाहत नाही, आणि आपला अर्धा चहा माझ्या कपात ओततो.