नऊ वर्षांत एकही तक्रार नाही

भाडेकरू कसा टिकवायचा हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडं यावं. निदान गेल्या मे महिन्यापर्यंत तरी मी हे छातीठोकपणे सांगत होतो.

वांदामावशी गेली आणि तिचं हायलंडटाऊनमधलं घर माझ्या गळ्यात पडलं. आमच्या बाल्टिमोरमध्ये असतात तसंच. बारा फूट रुंद, दोन मजली, दारात पांढऱ्या संगमरवराच्या तीन पायऱ्या, आणि दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. वय शंभराच्या पुढं. अशा घरात रोज काहीतरी निघतं. आज नळ, उद्या खिडकी, परवा तळघरात पाणी. लोक कंटाळून विकून टाकतात. मी विकलं नाही. मी निवृत्त माणूस, घरात हत्यारांची पेटी, आणि भाडेकरू मिळाल्या त्या अर्नेस्टीन टॉलिव्हर.

अर्नेस्टीनबाई म्हणजे शंभर नंबरी सोनं. कोर्टात टायपिस्ट होत्या, आता त्याही निवृत्त. रविवारी चर्च, बाकीचे दिवस पुस्तकं. नऊ वर्षांत एकही तक्रार नाही! लोक विचारतात, लेन, हे जमवतोस कसं? अरे, मी तक्रारीची वेळच येऊ देत नाही. दर शनिवारी सकाळी सातला मी पायऱ्या घासायला हजर. पायऱ्या झाल्या की आत जाऊन नळ बघायचे, नळ झाले की तळघर, तळघर झालं की सहज म्हणून दारांच्या बिजागऱ्या. बाई गाऊनवरच दार उघडायच्या आणि म्हणायच्या, "या, लेनसाहेब." त्या 'या'मध्ये मला नऊ वर्षं माया ऐकू येत होती.

माझ्या बायकोला, डोलोरेसला, मात्र यातलं काही पटायचं नाही.

"लेन," ती म्हणायची, "त्या बाईला तू घर भाड्यानं दिलंयस. सोबत तू जायचं ठरलेलं नाही."

"अगं, जुनं घर आहे. लक्ष द्यावं लागतं."

"मागच्या महिन्यात नळ दुरुस्त करायला गेलास तो चार दिवस करत होतास. प्लंबरला अर्धा तास लागला असता."

"प्लंबर मन लावून करत नाही."

"म्हणूनच त्याचं काम होतं," डोलोरेस म्हणाली. घरच्या माणसाची किंमत घरात कधीच नसते, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, त्यामुळं मी ते मनावर घेतलं नाही.

दर मे महिन्यात मी अर्नेस्टीनबाईंना पुढच्या वर्षाचा करार पाठवतो. पाठवला की दोन दिवसांत सही होऊन परत येतो. या मेमध्ये आठ दिवस गेले, पंधरा गेले, तीन आठवडे होत आले, करार नाही. मी हबकलोच. शनिवारी मी गेलो तेव्हा आडून आडून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "बघते, लेनसाहेब." बघते! नऊ वर्षांत ज्या बाईनं काही बघितलं नाही तिला आताच काय बघायचं होतं? माझी झोप उडाली. भूक तर इतकी मेली की डोलोरेसनं बटाटा भरलेल्या पिएरोगी केल्या तर मी नऊच खाल्ल्या.

आणि खरं सांगू का, भाड्याचं नव्हतं हो. दुसरा भाडेकरू मिळतो. पण तो सकाळी कामावर जाणार, दार कुलूपबंद. मग शनिवारी सातला मी जाऊ कुठं? घरी बसलो तर डोलोरेस मला कपाटं आवरायला लावते.

तेव्हा ठरवलं, आता काहीतरी मोठं करून दाखवायचं. असं की बाईंनी डोळे पुसत सही करावी. उन्हाळा तोंडावर होता, आणि आमच्या सपाट डांबरी छपरांखाली वरचा मजला नुसता भाजून निघतो. त्यावर उपाय म्हणजे रुपेरी रंग. तो फासला की ऊन परतून जातं. गुरुवारी सकाळी मी दोन मोठे डबे आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन दारात उभा.

"लेनसाहेब, आज शनिवार नाही," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

"छप्पर करतोय, बाई."

"गळत नाहीये."

"गळायच्या आधी करायचं असतं."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मला दहाला बाहेर जायचंय," आणि बाजूला झाल्या.

जिन्यासमोर शिडी लावून छपराचं झाकण उघडून मी वर चढलो. कोट खाली जिन्याच्या कठड्यावर टांगला, आणि फोन कोटात. वर गेल्यावर काय ते दृश्य! आमच्या गल्लीतली चोवीस घरं, पण वरून बघितलं तर एकच लांबलचक छप्पर. दोन घरांच्या मध्ये गुडघाभर उंचीचा कठडा, तेवढीच काय ती हद्द. माझ्या झाकणाच्या भोवतीचं डांबर सगळ्यात जास्त तडकलेलं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच केली. झाकण लावून घेतलं, त्यावरूनही एक हात मारला. मग पुढची बाजू, मग मागची, मग उरलेली डावी. दोन तासांत छप्पर असं चकाकलं की विमानांनी डोळे मिटून घ्यावेत. मी कंबरेवर हात ठेवून मान डोलावली, आणि घरी जायला निघालो.

निघालो, पण कुठून? मी शेजारच्या कठड्याला टेकून उभा. झाकण पार पलीकडं. मध्ये सगळा ओला, निसरडा, चंदेरी तलाव, आणि डब्यावर लिहिलेलं होतं, वाळायला चोवीस तास.

मी पांढराफटक पडलो, म्हणजे जिथं रुपेरी नव्हतो तिथं. कठड्यावरूनच सरकत पुढच्या कडेला जाऊन खाली हाका मारल्या. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईनं वर बघून प्रेमानं हात हलवला आणि पुढं गेली. ऊन चढत होतं. घसा कोरडा पडला. आता उतरायचा एकच मार्ग राहिला होता, आणि तो मला मेलो तरी नको होता. तो म्हणजे मी टेकलो होतो त्या कठड्यापलीकडचं, कातिनाबाईंचं झाकण.

कातिनाबाई म्हणजे शेजारीण. ग्रीक बाई, पाककलेत सुगरण, रागात जमदग्नी. आमच्या आजोबांच्या काळात या गल्लीतल्या सगळ्यांनी विटांवर सिमेंटचा खोटा दगड थापून घेतला होता. आठ वर्षांपूर्वी कातिनाबाईंनी आपल्या घराचा तो दगड खरवडून काढला, तर त्यासोबत माझ्या बाजूचा हातभर दगड धाडकन खाली आला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. हल्ली त्यांनी वरच्या मजल्यावर नव्या खोल्या पाडून खिडकीत 'भाड्यानं देणे आहे' अशी पाटी लावली होती. ती पाटी बघून मी डोलोरेसला म्हणालो होतो, या बाईच्या घरात कोण राहायला जाणार आहे?

झाकण ओढलं तर चटकन उघडलं. आत काळोख. "कातिनाबाई," अशी हळूच हाक मारली. उत्तर नाही. पाय आत सोडले, एक फळी लागली, तिच्यावर भार दिला, आणि फळीसकट मी खाली आलो. चारी बाजूंनी भिंती, वर कपड्यांची दांडी. बाईंनी खोल्या पाडताना छपराचं झाकण नेमकं नव्या कपाटात घेतलं होतं. कपाटाचं दार बंद होतं. मी ते ढकलणार, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पलीकडून बोलणं ऐकू आलं.

"दुपारी ऊन या बाजूनं येतं," कातिनाबाई सांगत होत्या. "खोल्या दोनच, पण तुम्ही एकट्या. सामान मावेल."

"मावेल," दुसरा आवाज म्हणाला. "आणि मला ही गल्ली सोडायची नाहीये."

तो आवाज मी शंभर आवाजांत ओळखला असता. अर्नेस्टीनबाई! दहा वाजता बाहेर जायचंय म्हणाल्या होत्या, त्या भिंतीपलीकडं आल्या होत्या.

"पण मला एक सांगा," कातिनाबाई म्हणाल्या, "ते घर अख्खं तुमच्याकडं आहे, भाडं माफक आहे. मग सोडताय कशाला? तो लेन पावलाक त्रास देतो का?"

"छे हो. देवमाणूस आहे," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. तो तिथं एवढाच वेळ राहिला. "देवमाणूस आहे म्हणून तर नऊ वर्षं बोलले नाही. कातिनाबाई, नऊ वर्षांत एका शनिवारी मी आठपर्यंत झोपलेली नाही. काही बिघडलं की मला धडकी भरते. बिघडल्याची नव्हे, त्यांना कळेल याची. बिजागरी करकरली की मीच तेल घालते. मागच्या वर्षी न्हाणीघराचा पाइप फुटला, तर पदरच्या पैशानं प्लंबर आणला, आणि त्याला सांगितलं, गाडी पुढच्या गल्लीत लाव."

मी अंधारात चाट पडून उभा. एकही तक्रार नाही, एकही तक्रार नाही, म्हणून मी गावभर मिरवत होतो, आणि ही बाई माझ्याच घराची दुरुस्ती माझ्यापासून चोरून करत होती! डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात नेला तर तोही रुपेरी, आणि उरलासुरला चेहराही रंगला.

"मग घ्या ना इथं," कातिनाबाई म्हणाल्या. "मी खालीच राहते, पण बोलावल्याशिवाय वर येणार नाही. आणि कपाट तर बघा केवढं मोठं केलंय."

आणि त्यांनी कपाट उघडलं.

कातिनाबाईंनी मेरीमातेचं नाव घेऊन छातीवर तीनदा क्रूस काढला, आणि चौथ्यांदा तोच हात पायातल्या सपातेकडं नेला. सपात माझ्या कानावर बसली. "चोर," त्या ओरडल्या. आठ वर्षांनंतर आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

अर्नेस्टीनबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. त्यांनी चष्मा सारखा केला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "घाबरू नका, कातिनाबाई. हे माझे घरमालक आहेत. हे असेच येतात."

"बाई," मी म्हणालो. "मी सगळं ऐकलं. माझं चुकलं. यापुढं मी असा येणार नाही. आधी फोन करीन."

"म्हणजे येणार."

"कमी येईन."

"किती कमी?"

मी विचार केला. खोटं बोलवेना. "शनिवारी सातच्या ऐवजी नऊला," मी म्हणालो.

अर्नेस्टीनबाईंनी सुस्कारा सोडला. खिडकीच्या चौकटीवर कातिनाबाईंचा करार ठेवलेला होता, त्याच्यापाशी त्या गेल्या. पेन उघडलं, आणि थांबल्या. मला वाटलं, विरघळल्या. शेवटी नऊ वर्षांचा ऋणानुबंध आहे, काही गंमत नाही. त्यांनी वळून कपाटात वर बघितलं आणि विचारलं, "कातिनाबाई, त्या झाकणाला आतून कडी आहे का?"

"नाही हो. वरून कोण येणार?" असं म्हणत कातिनाबाईंनी माझ्याकडं बघितलं. अर्नेस्टीनबाईंनीही बघितलं.

"कडी हवी," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. "तेवढी लागली की मी सही करते."

"आता कोण लावून देणार?" कातिनाबाई हताश झाल्या. "सुताराला फोन केला की तो पुढच्या महिन्याची तारीख देतो."

मी गप्प बसायला हवं होतं. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. एक महिना मिळत होता, महिन्यात बाईंचं मन वळवता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "कडी ना? दहा मिनिटांचं काम. एक नवीकोरी माझ्या गाडीतच आहे."

गल्लीत उतरून कडी, स्क्रू, पेचकस सगळं घेऊन आलो. कातिनाबाईंनी शिडी दिली. पाऊण तास लागला, पण मन लावून बसवली. पडलेली फळीही ठोकून देतो म्हणालो, तर दोघी एकदम "नको" म्हणाल्या.

"लेनसाहेब," अर्नेस्टीनबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "कडी पक्की आहे का, ते वरून ओढून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

बरोबर बोलल्या. कामात कसूर नको. मी शिडीवरून वर गेलो, छपरावर पाय ठेवला, झाकण लावून घेतलं. खालून कडी सरकल्याचा आवाज आला. मी झाकण एका हातानं ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं, मग पाय रोवून ओढलं. तसूभर हललं नाही. खाली दोन जोडी पावलं जिना उतरून गेली. पलीकडं माझं छप्पर अजून ओलंच होतं.

पण काम झालं होतं. नऊ वर्षांत मी केलेलं हे पहिलं काम, जे बघायला पुन्हा यावं लागणार नव्हतं.