शेवटचं गाणं येईपर्यंत

एखाद्या अल्बमचं खरं-खोटं करायचं असेल तर फक्त शेवटचं गाणं ऐकायचं, हा कुसुमताईंचा नियम कॅसेटच्या काळापासून एकदाही चुकला नव्हता. "चांगला माल सगळे आधी मांडतात," त्या सांगायच्या. "दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत कोणी पोचत नाही. तिथे गळा खरा बोलतो." म्हणून सुरुवातीची गाणी वाजत असताना त्या कणीक मळून घ्यायच्या, फोडणी टाकायच्या, आणि शेवटच्या गाण्याला हात पुसून टेपसमोर बसायच्या. बटण खट्कन वर उडालं की निकाल.

हे निकाल नानाखेड्याच्या त्यांच्या कॉलनीत प्रसिद्ध होते. एका गझलांच्या अल्बमबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "गाणारा दुःख व्हायच्या आधीच रडून घेतो." सतार आणि गिटारच्या अल्बमबद्दल, "लग्नातल्या दोन विहिणी. दोघी बोलतायत, ऐकत कोणीच नाही." नातीनं, मृण्मयीनं, कौतुकानं लावलेलं रीमिक्स ऐकून तर त्या, कोणी दार ठोठावतंय असं वाटून, दोनदा उठून दार उघडून आल्या होत्या.

म्हणूनच त्यांच्या धाकट्या नणंदेनं, जयूनं, आपला पहिलावहिला भजनांचा अल्बम त्यांच्यावर सोपवला. साठी उलटल्यावर तिनं एकटीनं इंदूरला जाऊन तो रेकॉर्ड केला होता. आता रविवारी समाजाच्या हॉलमध्ये गायचं बोलावणं आलं होतं.

"वहिनी, बाकीचे नुसतं छान छान करतात," जयू फोनवर म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर गाईन. नाही तर त्यांना मना करून टाकते, बस."

मृण्मयी आजीच्या मोबाइलवर अल्बम लावून कॉलेजला गेली. कुसुमताईंनी नेमाप्रमाणे शेव पाडायला घेतली. तेल चुरचुरत होतं, मागे जयू गात होती. शेवटचा घाणा काढून, हात पुसून त्या फोनसमोर येऊन बसल्या.

एक गाणं संपलं, दुसरं लागलं. मग तिसरं. जयूचा आवाज मध्येच जाड झाला, पुढे चक्क पुरुषी. मग ढोल आला. अधूनमधून कुणा प्रेशर कुकरचं गोड गाणं यायचं आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा यायचं. ते ध्रुवपद असावं असं कुसुमताईंनी धरून चाललं. दुपारचा चहा तिथेच झाला, उन्हं उतरली, तरी शेवट येईना. वरणात हिंग घालायला विसरणारी ही बाई एवढं सगळं शिकली कधी, ह्या कुतूहलानं त्या जागच्या हलल्या नाहीत. दिवेलागणीला फोन आपणहून बंद पडला. संपला अल्बम, असं म्हणून त्यांनी निकाल पक्का केला.

दुसऱ्या दिवशी त्या मृण्मयीला घेऊन फ्रीगंजला जयूकडे पोचल्या. भैरवगढची नवी छापील चादर अंथरलेली, शेजारच्या अपर्णाबाई आधीच येऊन बसलेल्या, आत जयूचे यजमान सुहासराव पोहे परतत होते.

"वन्सं, गायचंच," कुसुमताई टेकायच्या आधीच म्हणाल्या. "शेवटचं तर काय गायलात! तो ढोल, आणि तो माणूस तुमच्याबरोबर गातो, तिथे."

"ढोल? माझ्यात नुसता तबला आहे, वहिनी."

अपर्णाबाईंनी बशी खाली ठेवली. "कोण माणूस?"

"मला काय माहीत? आवाजावरून धिप्पाड वाटतो. दोघांचं जमलंय मात्र छान."

सुहासराव झारा घेऊनच बाहेर आले. "तरीच. इंदूरला सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणालीस."

"अहो, कोणी माणूस नाहीये."

"सांगा की, जयूताई," अपर्णाबाई सरकून बसल्या. "आम्ही तर घरचेच."

मृण्मयीला हसू आवरेना. "आजी, अल्बम चारच गाण्यांचा आहे. तो संपला की फोन आपल्या मनानं दुसऱ्यांची गाणी लावत बसतो, मधे मधे जाहिराती."

"मग थांबतो कधी?"

"थांबतच नाही. काल बॅटरी संपली, इतकंच."

जे थांबतच नाही त्याचं शेवटचं गाणं ऐकायचं कसं, ह्या विचारात कुसुमताई पडल्या. जयू मात्र दुसऱ्याच विचारात होती.

"आणि माझी चार? ती ऐकलीत ना, वहिनी?"

"तेव्हा," कुसुमताई म्हणाल्या, "शेव पडत होती."

जयूनं मोबाइल उचलला. "समाजाला कळवून टाकते. नाही जमणार म्हणून."

"ठेवा तो फोन," कुसुमताई म्हणाल्या. "शेव संपली माझी. पेटी काढा आणि गा. पहिल्यापासून."

जयू गायला बसली. आधी आवाज कापला, मग लागला. कुसुमताई जन्मात पहिल्यांदा पहिलं गाणं हात रिकामे ठेवून ऐकत होत्या. चारही झाली तेव्हा खोलीत करपल्याचा वास भरला होता.

"दुसऱ्यात दम पुरत नाही, एक कडवं गाळा," कुसुमताई म्हणाल्या. "तिसऱ्याच्या वेळी पोहे खाली लागले. सगळ्यांना वास आला, उठलं कोणीच नाही. रविवारी गायचं."

जयूनं डोळे पुसले. "आता कशा वहिनी वाटलात."

निघताना चपला घालता घालता कुसुमताई काहीतरी गुणगुणत होत्या. जयू हरखली. "तिसरं ना?"

"दुसरं कुठलं असणार?" म्हणत त्या रिक्षात बसल्या.

मृण्मयीनं कान दिला. "आजी, हे कुकरचं आहे."

"ठाऊक आहे मला," कुसुमताई हळूच म्हणाल्या. "रिक्षा वळू दे आधी."

आणि रिक्षा वळल्यावर त्यांनी ते शिट्टीसकट पुरं केलं.